आईचा कॉम्प्युटर वेगवान करण्याबाबत

३ फेब्रुवारी, रविवार
सकाळी ताईचा फोन. आधी तब्येत, मग मुलांच्या परीक्षा, मग मुद्दा. मावशीने तिच्याकडे तक्रार केली आहे.
आई आणि मावशी रोज दहा वाजता कॉम्प्युटरवर एकमेकींचे चेहरे बघत बोलतात. आईला कमी ऐकू येतं, फोनवर दोन वाक्यं कशीबशी कळतात, समोरच्याचे ओठ दिसले तर सगळं कळतं. मावशी अंथरुणाला खिळलेली, तिला फोन हातात धरवत नाही. मावशीचं म्हणणं, आक्का हल्ली फार उशिरा येते, कधी कधी येतच नाही.
ताई म्हणाली, बाबा गेल्यावर आई त्या घरात एकटी राहू शकते ती या एका गोष्टीच्या जोरावर. डॉक्टर म्हणाले होते, वयाचा विसराळूपणा आहे, रोजचं काम रोज जमतंय तोवर काळजी नको. तेच जमेनासं झालं असेल तर महिनाअखेर मी तिला माझ्याकडे घेऊन येणार.
मी म्हणालो, आई ठणठणीत आहे. कॉम्प्युटर म्हातारा झालाय.
"तू बघितलंयस का?"
बघायला कशाला हवं? तो बाबांनी घेतलेला. चालू होईपर्यंत माणसाची दाढी करून होते. मी विमा कंपनीत दावे तपासतो, कारण शोधणं हेच माझं काम. ताईला शब्द दिला: महिनाअखेरपर्यंत कॉम्प्युटर वेगवान आणि सुरक्षित. आई आपल्या घरात.

४ फेब्रुवारी
बायको म्हणते, एक दिवस रजा टाका आणि दहा वाजता आईंच्या शेजारी बसून नुसतं बघा. तिला समजावलं की निदानाआधी निरीक्षण केलं तर मन कलुषित होतं. ती म्हणाली, मग रविवारी बसा. रविवार हा प्रातिनिधिक दिवस नाही.
यात माझा आळस आहे का, असं स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. नाही.

५ फेब्रुवारी
ऑफिसातून परस्पर आईकडे. कॉम्प्युटर उघडला. आत धुळीची गादी. रंगाच्या ब्रशने साफ केली. आता पंखा पूर्वीपेक्षा मोठ्याने वाजतो. हवा खेळू लागल्याचं लक्षण.
आईने विचारलं, बिघडला होता का. म्हटलं, नाही. "मग उघडलास कशाला?"
प्रश्न वाजवी होता. उत्तर देण्याऐवजी चहा मागितला.

१० फेब्रुवारी, रविवार
आठवडाभर रोज संध्याकाळी वाचन केलं. निष्कर्ष: वेग आणि सुरक्षा एकाच वेळी साधायची. चालू होताना आपोआप उघडणारे नको ते प्रोग्रॅम बंद केले. त्यात आवाजाचाही एक होता, तो पुन्हा चालू केला. अँटीव्हायरस एकच होता. एका पहारेकऱ्यावर घर सोपवू नये म्हणून दुसरा टाकला. दोघांनीही लगेच एकमेकांना चोर ठरवलं. दर थोड्या वेळाने पडद्यावर लाल चौकट येते, 'धोका आढळला'. आई दचकते.
कॉम्प्युटर आधीपेक्षा हळू झाला आहे, हे नोंदवणं भाग आहे. पण ती सुरक्षेची किंमत. वेगाचं पुढच्या टप्प्यात.

१२ फेब्रुवारी
पुढचा टप्पा. डेस्कटॉपवर बाबांचा बागेतला मोठा फोटो होता. असे फोटो जुन्या मशीनवर ओझं होतात, सगळे लेख हेच सांगतात. काढून साधा राखाडी रंग ठेवला. आयकॉन विस्कटलेले होते, तेही एका रांगेत लावून टाकले. पडद्याची अक्षरंही योग्य मापाची केली. फरक पडला. मला तरी जाणवला.

१३ फेब्रुवारी
साडेदहाला ऑफिसात आईचा फोन. "अरे, मावशी गेली."
मी उठून उभाच राहिलो. पलीकडून आई म्हणत होती, काल होती, आज नाही, बाबाही नाहीत.
मग उलगडा झाला. आई आयकॉनवरची नावं वाचत नाही. मावशीचा आयकॉन बाबांच्या डाव्या खांद्यावर असतो, गाणी टोपीवर, विजेचं बिल बुटापाशी. तिला बाबा दिसले की सगळं सापडतं.
ही पद्धत कोणत्याही लेखात नाही. तरी माझी चूक झाली का? अंशतः. मला आधी कोणी सांगायला हवं होतं.

१५ फेब्रुवारी
बाबांना परत आणलं. पण पडद्याचं माप बदललंय, त्यामुळे बाबा रुंद झालेत. आई बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "इतके कधीच खात नव्हते रे."
आयकॉन खांद्यावर नेऊन ठेवला. बंद करून पुन्हा चालू केला की तो रांगेत जाऊन उभा राहतो. शेवटी आईला सांगितलं, रांगेत वरून चौथा, तोच मावशी. ती म्हणाली, "बहिणीला चौथा काय म्हणायचं." पण तिने तो बरोबर दाबला. मावशी दिसली. दोघी बोलल्या. प्रयत्नांना यश.

१७ फेब्रुवारी, रविवार
सुरक्षेचा मुख्य दिवस. आतापर्यंत कॉम्प्युटरला पासवर्डच नव्हता. बटण दाबलं की उघडला. आपल्या दाराला कडी नसावी तसं. मला रात्रभर झोप नव्हती.
आधी आईला समोर बसवून नीट समजावलं. लोक गोड बोलून फसवतात. पासवर्ड कोणालाही सांगायचा नाही. बँकेने विचारला तरी नाही, मी विचारला तरी नाही. आईने लक्ष देऊन ऐकलं. मग पडद्यावर पासवर्डची चौकट आली आणि आई हात मांडीवर ठेवून बसली.
म्हटलं, टाक आता.
"तूच म्हणालास कोणाला सांगायचा नाही. मग याला का सांगू?"
म्हटलं, हा 'कोणी' नाही, हे यंत्र आहे.
"मग विचारतो कसा?"
बराच वेळ गेला. पासवर्ड लांबलचक आहे, पण आईने एका कागदावरही न लिहिता पाठ केला. ताईने हे बघायला हवं होतं.
पासवर्ड विसरल्यास कॉम्प्युटर एक प्रश्न विचारतो. मी निवडलेला प्रश्न: तुमच्या आईचं माहेरचं आडनाव काय? इथे एक नैतिक पेच उभा राहिला. लेखात स्पष्ट म्हटलंय की अशा प्रश्नांची उत्तरं खरी भरू नयेत, खरं उत्तर नात्यातल्या कोणालाही माहीत असतं. पण मी खोटं बोलत नाही. यात मोठेपणा नाही, सवय आहे. घरात सगळ्यांना ती ठाऊक आहे आणि तिचा त्रासही सगळ्यांनी काढला आहे. खूप विचार केला. यंत्राशी बोललेलं खोटं हे खोटं नव्हे, ती कडी आहे. उत्तर भरलं: निळाहातोडा.
आईला हे सांगितलं नाही. पासवर्ड पाठ आहे, तिला गरज पडणार नाही. उगाच डोक्याला ताण.

१९ फेब्रुवारी
दुपारी साहेबांसमोर बसलेलो असताना आईचा फोन. आवाज अगदी खाली. "माझ्या आईचं माहेरचं आडनाव काय होतं रे?"
मी ताबडतोब म्हणालो, आई, असलं काही फोनवर विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. ती म्हणाली, बरं. ठेवला.
माझी परीक्षा घेत होती, हे नंतर लक्षात आलं. रविवारचं सगळं तिच्या मनावर ठसलंय. फार समाधान वाटलं. बायकोला सांगितलं. ती कुकर लावायला उठली. तिला कॉम्प्युटरमधलं कळत नाही.

२१ फेब्रुवारी
ताईला मुद्दाम फोन करून विचारलं, या आठवड्यात मावशीची तक्रार आली का. ताई म्हणाली, नाही, उलट खुशीत आहे. म्हणजे रोज दहाला बोलणं सुरळीत चालू. पुरावा याहून काय हवा? ताईला म्हटलं, तू महिनाअखेरचं विसर.
पुढच्या महिन्यात रॅम वाढवायचा विचार आहे.

२३ फेब्रुवारी, शनिवार
आईकडे गेलो. कॉम्प्युटरवर चादर घातलेली. चारी कोपरे नीट खोचलेले. कधीपासून, म्हटलं. आई म्हणाली, मंगळवारपासून.
हळूहळू सांगितलं तिने. मंगळवारी पासवर्डमधलं एक अक्षर हुकलं. पुन्हा टाकला, पुन्हा हुकला. मग त्याने आईचं माहेरचं आडनाव विचारलं. तिने लिहिलं. तो म्हणाला, चुकीचं. तिने डोळ्यांना चष्मा लावून पुन्हा लिहिलं. चुकीचं. ऱ्हस्वदीर्घ बदलून बघितलं, आजीच्या गावाचं नाव जोडून बघितलं. मग लाल चौकट आली की संशयास्पद प्रयत्न झाल्यामुळे आता थांबा.
"एक अक्षर चुकतं माणसाचं. पण आईचं नाव?" चहा ढवळत म्हणाली. "म्हटलं तुला विचारावं. तू म्हणालास, फोनवर नको. तेव्हाच कळलं. तोंडावर सांगवेना तुला."
कालच तिने स्वतः ताईला फोन केला. म्हणाली, डॉक्टर काय म्हणतात त्याच्या पुढे गेलंय माझं, मला घेऊन जा.
मी तिथल्या तिथे सांगितलं. आई, तुझं उत्तर बरोबर होतं. मीच खोटं भरलं होतं. निळाहातोडा. लेखात तसं लिहिलंय.
आई मग हसली. खूप दिवसांनी हसली. तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "सगळा जन्म कधी खोटं बोलला नाहीस. शिक्षा भोगलीस पण बोलला नाहीस. आता आईसाठी बोलतोयस. असू दे. पण तुला जमत नाही रे ते. हातोडा कधी निळा असतो का?"
चादर काढून तिच्या डोळ्यांदेखत निळाहातोडा टाकून दाखवलं. उघडला. ती म्हणाली, तू काय, आतलं बदलूही शकतोस, शिकलेला आहेस.

२४ फेब्रुवारी, रविवार
ताई आली. तिला सगळं सांगितलं. तिने लगेच विश्वास ठेवला. म्हणाली, "हे तूच करू शकतोस, यात मला तिळमात्र शंका नाही."
मग म्हटलं, आईला समजाव. ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल. म्हणाली, आजीचं आडनाव मी तिला सांगितलं, अगदी तेच जे तिने लिहिलं होतं. तर म्हणते, तुम्ही दोघं मिळून ठरवून आलात. भावंडं इतकी एकत्र आलेली बघून बरं वाटलं म्हणते.

२८ फेब्रुवारी
आईला ताईकडे पोहोचवलं. सामान थोडंच. बाबांचा बागेतला फोटो घेणार का विचारलं. म्हणाली, तो ओळखू येत नाही आता, कपाटातला लहान घेते.

४ मार्च
ताईचा फोन. आई पाणी प्यायच्या आधी विचारते, पिऊ का. दिवा लावू का विचारते. शेजारणीने नाव विचारलं तर आधी ताईकडे बघितलं, मग सांगितलं. बरोबर सांगितलं.
जागा नवी आहे, रुळेल. ताईकडे कॉम्प्युटर नेऊन दिला, बाबांना मूळ मापात आणलं, आयकॉन खांद्यावर टिकवला, तर एका आठवड्यात पूर्ववत होईल. नीट योजना हवी.

१० मार्च, रविवार
कॉम्प्युटर ताईकडे न्यायची तयारी करायला सकाळीच आईच्या घरी. दुसरा अँटीव्हायरस काढला. पासवर्ड काढला. पडद्याचं जुनं माप सापडलं. बाबा बारीक झाले. बंद करून चालू केला. आयकॉन खांद्यावरच. चांगलाच वेगवान झाला आहे.
दहा वाजता मावशीचा कॉल आला. आई ताईकडे गेली हे मावशीला अजून कोणी सांगितलेलं नाही. ते काम माझ्याकडे होतं. आजच सांगायचं ठरवून कॉल घेतला.
मावशी उशीला टेकून बसलेली, टवटवीत. मला बघून खूश झाली. म्हणाली, आक्का काल किती हसली, पोट दुखेपर्यंत. म्हटलं, काल? "हो, काल. तू लहानपणी विहिरीत चप्पल टाकलीस ते सांगत होती. परवापण बोललो आम्ही. रोज बोलतो. पण तिला सांग हं, फार उशीर करते. कधी कधी येतच नाही."
जवळजवळ तीन आठवडे आई या कॉम्प्युटरसमोर बसलेली नाही. ताईकडे कॉम्प्युटरच नाही.
आई उशीर करते हे एकट्या मावशीनेच सांगितलं होतं. दुसऱ्या कोणी पाहिलं नव्हतं. ऑफिसात असा दावा आला तर मी पहिल्याच पानावर लिहितो, प्रत्यक्ष पाहणी करावी. आणि परत पाठवतो.
मावशीने विचारलं, "आहे कुठे ती?"
मी म्हणालो, आंघोळीला गेलीय.
"होऊ दे सावकाश. मी आहे."
ती बसून राहिली. माझ्या खांद्यामागे दाराकडे बघत, मधून मधून माझ्याकडे बघून हसत. मीही बसून राहिलो. चित्र एकदाही अडकलं नाही.