अंग थंड हाय

बाबा, आईला दवाखान्यात न्यायला इचोड्याहून गाडी यायची आहे, तोवर तिच्या खाटेजवळ बसून तुमाला लिहून राह्यले. तिला खोकला आहे. ताप नाही, आणि ताप नाही याचीच मला धास्ती बसली आहे.

तुमच्या शाळेत थर्मामीटर नव्हता, तुमचा उलटा हात होता. एकदा पाढे चुकवायला मी डोकं धरून बसले होते. तुमी येता, कपाळाला हात लावता, सगळा वर्ग बघतो. "अंग थंड हाय. नाटकं पुरे, बस खाली." त्या हातावर सारं गाव विसंबून होतं, तुमीसुद्धा. म्हातारपणी खोकल्यानं खाट धरली, तेव्हा माझाच हात ओढून कपाळाला लावलात. "पाह्य, थंड हाय ना? मंग काऊन दवाखाना?" मी शेंडेफळ, तुमच्यापुढं काय बोलणार? आदिलाबादला पोचलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया आहे, फार उशीर केला.

आता मी उटनूरला लॅबमध्ये रक्त तपासते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एकदा नीट समजावलं. छातीच्या हाडामागं एक ग्रंथी असते, काही पांढऱ्या पेशी तिथं शिकून तयार होतात. वय वाढतं तशी ती सुकत जाते. जुन्या पेशी राहतात, त्यांना जुने आजार तोंडपाठ असतात. नवा आजार शिकून घेणाऱ्या कोऱ्या पेशी मात्र कमी होत जातात. जंतू गिळणाऱ्या पेशी मोजणीत पुरेशा दिसतात, पण वेळेवर पोचत नाहीत, पोचल्या तरी पहिल्यासारखं काम उरकत नाही. मग आत आग लागली तरी बाहेर ताप, म्हणजे अंग लढत असल्याची खूण, चढेलच असं नाही. बाबा, तुमच्या मराठी शाळेत यंदा पहिलीला एकही पोर नाही, सगळी तेलुगू-इंग्रजीकडं गेली. वरचे वर्ग अजून भरतात, म्हणून रस्त्यावरून शाळा चालू दिसते.

सकाळी आईचं रक्त मीच तपासलं. पेशींची मोजणी चांगली आली, आणि मी लगेच गाडी सांगितली. कालपासून तिनं भाकरीला हात लावला नाही. मघाशी विचारते, "तुझे बाबा शाळेतून आले का वं?" थोड्या वेळानं भानावर आली, अन् तुमच्यासारखाच माझा हात ओढून कपाळाला लावला.

"थंड हाय. काऊन गाडी सांगतली?"

"थंड हाय म्हणूनच सांगतली, माये."

ती भिंतीकडं तोंड करून रुसून पडली आहे. श्वास उथळ चालला आहे. शेवटच्या दिवसांत तुमचा असाच चालायचा, तेव्हा मला वाटलं होतं की तुमाला झोप लागली.

बाहेर हॉर्न वाजून राह्यला. हे पत्र टाकायला कुठं पेटी नाही, म्हणून सांगून टाकते. तिच्या काखेत थर्मामीटर लावला आहे, आणि जिनं जन्म दिला तिला ताप चढावा म्हणून मी आस लावून बसले आहे.