वीस प्रश्न आणि एक खुर्ची

३ ऑगस्ट, सोमवार, सकाळी ७.१०
दाढी करत होतो, तेवढ्यात क्लासच्या मोठ्या सरांचा फोन. विज्ञानाच्या बाई आठवडाभर रजेवर. सर म्हणाले, एवढ्या प्रश्नपत्रिका टाइप करतोस, शनिवारच्या टेस्टचे वीस प्रश्न तूच काढ की. चार-चार पर्यायांचे. जमलं तर पुढेही बघू.
पुढेही म्हणजे नेमणूक. नेमणूक म्हणजे टीचर्स रूममध्ये खुर्ची. दुपारी सगळे तिथे एकत्र डबे खातात. हसणं झेरॉक्स मशीनपर्यंत ऐकू येतं. मी मशीनपाशी जेवतो. मशीनकडे कोणीतरी लक्ष ठेवायला हवंच.
माझी बारावी अर्धवट आहे. शुद्धलेखन नाही.

४ ऑगस्ट
संकल्प : रोज सात प्रश्न. आज एक झाला, पण पक्का. पाणी किती अंशाला उकळतं? बरोबर उत्तरात शंकेला जागा ठेवायची नाही, हे माझं तत्त्व. ‘शुद्ध असल्यास, समुद्रसपाटीला, साधारण शंभर अंश सेल्सिअसला, हवेचा दाब कमी असल्यास त्याआधीही.’ बाकीचे पर्याय : शून्य. दहा. कधीच नाही. चुकीच्या उत्तरावर कोण मेहनत घेणार.

५ ऑगस्ट
ताईचा फोन. जेवलास का, म्हणाली. तिला समजावलं की हो-नाहीचा प्रश्न कच्चा. अंदाजानेसुद्धा निम्मे मार्क मिळतात. ती म्हणाली, बरं बाबा, मग कोणाबरोबर जेवलास ते सांग.
रेंज गेली असं सांगून ठेवला. प्रश्न चांगला होता.

७ ऑगस्ट
वीस पूर्ण. बरोबर उत्तरं अ, ब, क, ड मध्ये चिठ्ठ्या टाकून वाटली. आता कोणाची टाप नाही ओळखायची.
उद्याच्या डब्यात जास्तीचा चमचा ठेवला. टीचर्स रूममध्ये देणंघेणं चालतं.

८ ऑगस्ट
सगळ्या वर्गाला वीसपैकी वीस. बाईंच्या टेस्टला निम्मा वर्ग आपटतो. मी शिकवलंही नाही, नुसतं विचारलं. खुर्ची खिडकीजवळची मागावी.

१० ऑगस्ट, सोमवार
सरांनी बोलावलं. समोर शेवटच्या बाकावरची मुलगी. तिने अजून पुस्तकच घेतलेलं नाही. सर म्हणाले, सांग याला, वीस कसे मिळाले. ती म्हणाली, सर, सगळ्यात लांब उत्तरावर खूण करायची, प्रश्न वाचावाच लागत नाही.
रजेवरून परतलेल्या बाईंना हसता हसता ठसका लागला. मग म्हणाल्या, अरे, खोटं उत्तर खरं वाटलं पाहिजे, सगळी कसरत तिथेच असते. सर म्हणाले, टायपिंग मात्र झकास हं, एक चूक नाही.

दुपारी मशीनपाशी. दुसरा चमचा कोरडाच. बाईंचं पटलं, म्हणून सरावाला एक प्रश्न काढला.

टायपिस्ट टीचर्स रूममध्ये का जेवत नाही?
अ) मशीनकडे लक्ष ठेवावं लागतं.
ब) त्याला गर्दी आवडत नाही.
क) तिथे खुर्च्या कमी आहेत.
ड) त्याला कोणी ये म्हणालेलं नाही, आणि आपणहून दारात जाऊन उभं राहिलं तर आतलं हसणं थांबेल, असं त्याला रोज डबा उघडताना वाटतं.

ड पुन्हा लांबला. उद्या कापतो.