चाळीस ओंडक्यांचं जन्मस्थान

मेपल फोर्ड, ओहायो
१८ सप्टेंबर १८४८

चि. लेम्युएल यास मेहिटेबल आजीचे अनेक आशीर्वाद. मी धडधाकट आहे, दातांचं तेवढं विचारू नकोस.

तुझ्या पक्षाचं निवडणुकीचं पत्रक वाचता वाचता माझा चष्मा पडला. तू म्हणे ओंडक्यांच्या झोपडीत, मातीच्या जमिनीवर जन्मलास! अरे, तू माझ्या विटांच्या घरात, पिसांच्या गादीवर जन्मलास. डॉक्टर आला होता, आणि अख्खा हॅम चापून गेला होता. मातीवर जन्मली ती आपली डुकरं.

एवढ्यावर मी हसले असते. पण काल विधवा केझिया डोक्यावर गादी घेऊन, दोन्ही पोरींसह माझ्या दारात उभी. तुझ्या माणसांनी तिची झोपडी नेली! ओंडक्यांवर खडूनं नंबर घातले, चाळीसच्या चाळीस उतरवले, सहा बैलांच्या गाडीवर पुन्हा रचले आणि तुझं जन्मस्थान म्हणून मिरवायला निघाले. मागे नुसतं धुराडं उभं आहे. मी विचारलं, बाई, दिलीस कशी? तर म्हणाली, लेम वकिलानं मागितलंय म्हणाले, मग मी कागदावर सहीची फुली मारली.

तुझा पहिला खटला आठव. जमीनदार हीच झोपडी उठवायला निघाला होता. तेव्हा न्यायाधीशापुढे तू गरजलास, की विधवेच्या डोक्यावरचं छप्पर राजालाही हलवता येणार नाही. राजा नाही आला. तू आलास.

लोभ आहे, पण सध्या चुलीमागे ठेवलाय.
मेहिटेबल

कोलंबस
२३ सप्टेंबर १८४८

ती. आजीस लेम्युएलचा शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि लगेच उत्तर लिहायला घेतलं. लहानपणी केझियाबाईंच्या चुलीपाशी पाढे पाठ केले, एवढंच मी समितीला सांगितलं होतं. त्यांनी पाढ्यांचा जन्म केला. समोरचा उमेदवार खरोखरच झोपडीत जन्मलाय, आणि विटांच्या घराला इथे कुणी मत देत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी गप्प राहिलो. पण फुलीचं मला ठाऊक नव्हतं, शपथ.

मतदान दहा ऑक्टोबरला आहे. तोवर कुणाला बोलू नकोस. नंतर केझियाबाईंना काचेच्या खिडक्यांचं नवं घर बांधून देईन.

लोभ आटू देऊ नये.
लेम्युएल

मेपल फोर्ड
२७ सप्टेंबर १८४८

चि. लेम्युएल यास आशीर्वाद, मोजकेच.

मी थांबेन रे, थंडी थांबत नाही. आज पहाटे बादलीतलं पाणी गोठलं. तू जन्मलास त्याच पलंगावर केझिया पोरींना घेऊन झोपते. रोज विचारते, लेमला हे माहीत नसेल ना? तुझं पत्र येईपर्यंत मी तिच्याकडे बघून नसेल म्हणत होते. आता तोंड फिरवते.

समोरच्या पक्षाचा वार्ताहर पुढच्या गुरुवारी येतोय, तुझ्या जन्माची चौकशी करायला. खोटं बोलणं मला येत नाही, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी शिकायचंही नाही. मी पलंग दाखवीन. त्याच्या आधी तू बोललास तर बरं. काचेच्या खिडक्या तुलाच लखलाभ. तिचं घर आण.

लोभाचं नंतर बघू.
मेहिटेबल

मेपल फोर्ड
१६ ऑक्टोबर १८४८

चि. लेम यास पोटभर आशीर्वाद.

भर मिरवणुकीत त्याच गाडीवर चढून, हे घर माझं नव्हे, एका विधवेचं आहे, असं तू म्हणालास! हे मला त्या वार्ताहरानं येऊन सांगितलं. निवडणुकीला उभा राहिलेला माणूस खरं बोलला? त्याला मी तेच दोनदा सांगायला लावलं.

त्रेसष्ट मतांनी पडलास. वाईट वाटलं, नाही म्हणणार नाही. स्वतः बैल हाकत आलास, ओंडके रचलेस आणि न जेवता पळालास. लाजलास होय? अकरा आणि बारा नंबर उलटे बसवलेत, दार कुरकुरतं. वकिलाच्या हातचं काम!

तुझी उरलेली पत्रकं गाडीतच राहिली होती. केझियानं ती आतून भिंतींना चिकटवलीत. चारी बाजूंनी छापलंय, की लेम्युएल इथेच जन्मला. मी म्हटलं, फाड ते थोतांड. ती म्हणाली, राहू दे आजी, कागद जाड आहे, वारा येत नाही.

लोभ चुलीमागून काढलाय. गरम आहे तोवर ये.
मेहिटेबल