गाण्यात मेलेला सूर्यभान

पेडगाव,
ता. ९ मार्च १९७५

चि. सूर्यभान यास वैजीनाथमामाचे अ. आ. आणि जयभीम. वि. वि.

इकडे सर्व खुशाल, असं लिहायची रीत हाय म्हणून लिहितो. खरं म्हणजे तुझी माय माझ्याशी बोलत न्हाई. मास्तरकी या गावात, जेवण अक्काच्या घरी, आणि चार दिवस झाले, भाकर ताटात आदळून ती पाठ फिरवून बसायलीय. कारण मीच सांगतो, दुसऱ्याकडून तिखटमीठ लावून कळण्यापेक्षा बरं.

जयंतीसाठी आपल्या गायन पार्टीनं सरहद्दीचं गाणं बसवलं. शब्द माझे, पेटी रंगनाथची. आपल्या पार्टीचा रिवाज तुला ठाऊक हाय, दर गाण्यात गावातल्या एका माणसाचं नाव गुंफायचं. यंदा तुझं गुंफलं. बर्फाचा डोंगर, तोफा, रक्ताचे पाट, आणि शेवटच्या कडव्यात सूर्यभान झेंडा छातीशी धरून पडतो. लय जमलं होतं रे! मागच्या आठवड्यात सोनपेठला एका बारशात म्हटलं, तर बाया हुंदके देऊन रडल्या. पण समोर तुझे होणारे सासरे सुग्रीवराव बसलेत, हे मला उशिरा दिसलं. ते मधूनच उठून गेले. दुसऱ्या दिवशी निरोप आला की गीताची सोयरीक मोडली समजा. ज्याला सख्खा मामाच मारून टाकतो, त्या घरी लेक द्यायची न्हाई.

आता तूच सांग, माझं काय चुकलं? सरहद्दीच्या गाण्यात जवान पडणार न्हाई, तर काय पेरणी करणार? तरी जिवाला घोर लागलाय. तू सुग्रीवरावांना दोन ओळी लिही. रागावला असलास तरी लोभ तुटू देऊ नको.

तुझा मामा,
वैजीनाथ

पंजाब सीमा,
मार्फत ५६ ए.पी.ओ.
ता. २२ मार्च १९७५

ती. मामांच्या सेवेशी सूर्यभानचा सा. जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. वाचून आधी स्वतःची नाडी बघितली, चालू हाय. धन्य तुमची मामा! एकाहत्तरच्या लढाईतून मी धड परत आलो आणि तुमी मला बारशात मारलं?

राग आलाय, खोटं कशाला लिहू. गीताला मी एकदाच पाहिलं, पण पहाऱ्यावर उभं राहिलं की तिचाच विचार येतो. मामाला असं लिहायची लाज वाटते, तरी लिहितो. ही सोयरीक मोडली तर माझं मन कशातच लागणार न्हाई.

सुग्रीवरावांना मी लिहिणार न्हाई. मी बरा हाय, असं मीच लिहिलं तर कोण मानतं? गाण्यानं बिघडवलं, ते गाण्यानंच नीट करा. मागच्या महिन्यात इथं शहरातून एक कलापथक आलतं. पडद्यावर बर्फाचा डोंगर रंगवलेला आणि गाणं शहिदाचंच. आमी टाळ्या वाजवल्या, पण तिसऱ्या कडव्याला निम्मे गडी चहाला उठले. ज्याच्यावर गाणं, त्यालाच ते ऐकवंना!

इथं डोंगर न्हाई, मामा. आपल्या शिवारासारखं सपाट रान हाय. मधी चुना लावलेले खांब. अलीकडं गहू, पलीकडं गहू, दोन्हीकडं एकदमच पिवळा पडायलाय. परवा पलीकडच्या एका म्हाताऱ्याची म्हैस चरत चरत इकडं आली. दोन्हीकडचे साहेब खांबापाशी भेटले, कागद झाले, सह्या झाल्या; तवर म्हशीनं आमच्या लंगराची, म्हणजे पलटणीच्या सैपाकघराची, भाजी फस्त केली. म्हातारा जाताना हात जोडून हसला. काल त्याच्याच वस्तीतून बायांचं गाणं ऐकू आलं. आमचे पंजाबी हवालदार डोळे पुसत म्हणाले की लेक सासरी निघालीय, तिचं गाणं हाय. मी लय वेळ ऐकत उभा राहिलो.

हातात बंदूक असते, पोटात भीतीबी असते. ती लपवू नका. पण हे बाकीचंबी घाला.

मायला म्हणावं, मी दोन वेळा पोटभर जेवतो. तिच्यावर आणि माझ्यावर माया असू द्या.

तुमचा भाचा,
सूर्यभान

पेडगाव,
ता. १६ एप्रिल १९७५

चि. सूर्यभान यास अ. आ. व जयभीम. वि. वि.

दोन दिवस तुझ्यावर फुगून बसलो. भाच्यानं मामाला कवनं शिकवायची म्हणजे काय! तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं वही उघडली. रंगनाथनं पेटी बंद केली आणि विचारलं की म्हशीवर कुठं सरहद्दीचं गाणं असतंय का. मी म्हटलं असतंय, वाजव.

जयंतीला सोनपेठ गाठलं. अक्काबी आली, पण एसटीत माझ्यापासून चार बाकडी लांब बसली. म्हशीच्या कडव्याला लोक खदाखदा हसले. मग सासरी निघालेल्या लेकीचं कडवं आलं आणि सगळे चिडीचूप. हुंदका न्हाई, टाळी न्हाई. मला वाटलं, पडलं गाणं. तेवढ्यात सुग्रीवराव उठले आणि तेच कडवं परत म्हणायला लावलं. ऐकलं, आणि तडक घरी निघून गेले.

येताना अक्का शेजारी येऊन बसली. हे आधी लिहायला काय हात मोडला होता का, म्हणून गाव येईपर्यंत मला झापलं. काय बरं वाटलं म्हणून सांगू! सुग्रीवरावांचा निरोप मात्र अजून न्हाई. धीर धर. मामावरचा राग आता गेला असंल तर तसं कळव.

तुझा,
वैजीनाथमामा

सोनपेठ,
ता. २० एप्रिल १९७५

श्री. सूर्यभान यांना गीताचा सविनय जयभीम. वि. वि.

दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, तुमच्या मामांकडून पत्ता आणला आणि मला लिही म्हणाले, म्हणून लिहिते. सातवीपर्यंतच शिकलेय, चुका पोटात घाला.

पहिलं गाणं झालं तेव्हा मी बायांत बसले होते. तुमी पडलात ते ऐकून मी तशीच उठून घरी आले. मग सोयरीक मोडायचं घरात ठरलं. मला कुणी विचारलं न्हाई.

जयंतीच्या रात्री दादा घरी आले आणि पहिल्यांदाच मला विचारलं की तुला भीती वाटत न्हाई का. मी म्हटलं, वाटते. पण सोयरीक मोडल्यानं ती जाणार हाय का? ते तिथं उभे राहणार आणि मी इथं भिणारच. मग मला हक्कानं तरी भिऊ द्या. दादा उठले. मग खुंटीवरचं कॅलेंडर काढून माझ्याच हातात दिलं.

मी लग्नाला वैशाखी पौर्णिमा धरलीय. रजेचा अर्ज आजच टाका.

नावाआधी ‘तुमची’ लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

तुमची,
गीता