ऊन न दाखवलेलं धोतर

मु. अमरावती
फाल्गुन वद्य पंचमी, शके १८५६

शालूच्या बाबास,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमचं पत्र पावलं. आमी इकडं खुशाल. दादाच्या मळ्यातली संत्री यंदा बरी उतरली. वैनीले पाचवा महिना आहे. शालू कशी आहे ते तुमी लिहिलं नाही. तिची वेणी कोण घालून देते तेही नाही.

इथं मले एक काम फार आवडते, धुणं वाळू घालायचं. दादानं विहिरीजवळच्या निंबापासून गोठ्याच्या खांबापर्यंत दुपेडी दोरी बांधून देली. पीळ उकलायचा, कपड्याचं टोक त्यात खोचायचं, मंग वारा कितीही येवो. तुमच्या घरी बाईचा कपडा अंगणात दिसू नये म्हणून माह्यं लुगडं मागच्या वळचणीले, अंधारात वाळे. बारा वर्षं मी कुबट वासाचंच नेसली. इथं नऊवारी पुरं पसरते. ते फुगते, फडफडते, मी खाली उभी राहून तोंडावर शिंतोडे घेते. दुपारपर्यंत खडखडीत. घडी करताना आधी त्यात तोंड खुपसते. उन्हाले वास असते, हे मले या वयात समजलं.

ऊन सगळं काढते. घाम काढते, लेकराच्या दुपट्याचा वास काढते. हळदीचा डाग तं दोन दुपारी टिकत नाही. म्हणून एक कपडा मी दोन वर्षं उन्हात टाकला नाही.

तुमी अकोल्याच्या बाजारातून आठ दिवसांनी आले होते, आठवते काय? नेसायले नवं नागपुरी धोतर, रेशमी काठाचं. म्हणे, सस्तं भेटलं. मी धुवायले घेतलं. साबण लागला तसा आतल्या बाजूचा डाग लाल झाला. साबणानं हळद लाल होते, हे कोन्या बाईले शिकवा लागत नाही. भाजीची हळद पोटऱ्याले लागत नाही. ती अंगाले चोळलेली हळद होती. लेकीच्या बापाले या वयात हळद कोण लावते?

मी ते कोठीत, सावलीत वाळवलं आन् माह्या गाठोड्यात लपवलं. तुमी विचारलं तं म्हटलं, वाऱ्यानं दोरीवरून उडालं, नाल्यात गेलं असन. त्याच्यासाठी तुमी मले दोन थापडा मारल्या. मी हळदीचं बोलली तं गावभर सांगतलं का बाईचं डोकं फिरलं. गाडीत घालून इथं आणून टाकलं आन् शालूले ठेवून घेतलं. ती गाडीमागं कुठवर पळाली ते मी लिहीत नाही.

आता तुमी लिहिता, पाडव्याले जातीचे पंच बसतील, त्यायच्यापुढं म्हण का दुसरं लगन हा माहा भ्रम होता, तं नांदवीन. नाही तं शालूचं तोंड विसर. बरं. येते मी पंचांपुढं.

पण एकटी येत नाही. दादा संत्री घेऊन अकोल्याले गेला होता. तिथं नत्थुजी फुलमाळ्याच्या घरी तुमी जावयासारखे पाटावर जेवत होते, ते त्यानं दारातून पाह्यलं. परवा मी सोता धोतर घेऊन त्या घरी गेली. नत्थुजीच्या बायकोनं काठ हातात घेतला आन् खालीच बसली. नवरदेवासाठी तो काठ तिनंच निवडला होता.

मंग त्यायची लेक, तुमची सुभद्रा, पाणी घेऊन आली. सोळा-सतरा वर्षांची असन. भांडायचं म्हणून गेली होती मी, पण तिच्या गळ्यात मंगळसूत्राजवळ चांदीचा टाक दिसला. मेलेल्या सवतीच्या नावाचा टाक दुसरीनं घालायचा, तो. विचारलं, "कोणाचा वं हा?"

म्हणे, "यायच्या पहिलीचा. सत्यभामा नाव होतं तिचं. पटकीनं मेली. रोज नमस्कार करते मी तिले."

तुमी मले नुसतं टाकलं नाही, सोनाराकडून घडवून दुसरीच्या गळ्यात बांधलं. ती पोर मले इतके दिवस देव म्हणून पूजून राहिली होती. मी माहं नाव सांगतलं तं तिच्या हातचा तांब्या पडला. टाक नत्थुजीनं सोडवला आन् माह्या हातावर ठेवला. तो, धोतर आन् नत्थुजी, तिघंही पाडव्याले येतील.

हे आधी काहून सांगते? तुमाले दहा दिवस झोप लागू नये म्हणून. मले दोन वर्षं लागली नाही. शालूले घेऊन पळायचा इचार असन तं दार उघडून पाहा. दादा आन् नत्थुजीचे दोघं लेक समोर जानरावच्या ओट्यावर कालपासून बसले आहेत. पोरीचे कपडे बांधून ठेवा. तिले मी घेऊन जाईन. मंग तुमचं नत्थुजी पाहून घेईल, मी आडवी येणार नाही.

आपली,
पटकीनं मेलेली
सत्यभामा