दोन थेंब लाल

प्रिय धाकट्या,

आधी तक्रार, मग बाकीचं. तू पाठवलेल्या पाकिटाला सात पिना होत्या. मी मोजल्या. एवढ्या पिना मारण्याइतकं आत काय आहे म्हणून मी घाईने पाकीट उघडायला गेले, आणि सहावी पिन अंगठ्यात घुसली. रक्ताचा एक ठिपका तुझ्या कागदावर पडला, तोही नेमका 'स्वखुशीने' या शब्दावर. 'मी खाली सही करणारी, कौटुंबिक अडचणींमुळे, रंगमास्तर हे पद स्वीकारण्यास स्वखुशीने नकार देते.' सही जिथे करायची तिथे तू पेन्सिलीने फुली मारून ठेवलीस, शुक्रवारच्या आत परत पाठव असंही लिहिलंस. सगळं व्यवस्थित. फक्त ही कौटुंबिक अडचण कोण, ते लिहायचं राहिलं. तूच ना?

तुला वाटतं, तुला सगळं माहीत आहे, म्हणून पहिल्यापासून सांगते. नऊ वर्षांपूर्वी मालक परदेशातून आला. पैसा आणला, कापड रंगवायची यंत्रं आणली आणि ती चालवणारा त्याच्याच देशातला रंगमास्तर आणला. मास्तरचा कामाचा परवाना यायला सात महिने लागले. अर्ज चार प्रतींत, मग पाच प्रतींत. फोटोत कान दिसत नाहीत म्हणून एकदा सगळंच परत. तोवर यंत्रं प्लॅस्टिक पांघरून बसलेली आणि कर्जाचं व्याज मात्र दिवसरात्र कामावर. त्या वेळी मालकाची मला खरंच दया आली होती. तुलाही आली, पण तू तिचं दुकान काढलंस. तेव्हा तुझ्या परवाना सल्लागार कचेरीत एक टेबल होतं आणि दोन खुर्च्या, त्यातली एक लंगडी.

नियम साधा होता. परका जाणकार ठेवा, पण त्याच्या शेजारी इथला एक माणूस शिकायला बसवा. तो कामगार खात्याची परीक्षा पास झाला की जाणकाराने घरी जायचं आणि खुर्ची इथल्या माणसाला द्यायची. मालकाला मास्तर सोडायचा नव्हता. तू म्हणालास, सोपं आहे साहेब, कधीच पास होणार नाही असं माणूस बसवू. आणि असं माणूस शोधायला तुला घराबाहेर पडावं लागलं नाही. मी चाळिशीची, त्याच कारखान्यात रसायनांच्या कोठारात कारकून, घरच्यांचं ऐकण्यात पटाईत. "ताई, तुला काही करायचं नाहीये गं, नुसतं बसायचंय."

इथे तू चुकलास, बाबा. खात्याचा तपासनीस न सांगता यायचा, म्हणून मला रोज खरोखरच बसावं लागलं. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, मास्तरच्या कोपराला कोपर लावून. माणूस आठ वर्षं नुसतं कसं बसेल? पहिली दोन वर्षं मी खिडकी बघितली, मग खिडकी संपली. मग मी त्याचे हात बघायला लागले. ओल्या कापडावर विश्वास ठेवायचा नाही, इस्त्रीने सुकवून मगच रंग बघायचा. ट्यूबलाइटखाली जुळलेला निळा उन्हात जांभळा दिसतो, म्हणून नमुना घेऊन दारात जायचं. मास्तर बोलतो कमी, आणि बोलतो तेही आपल्या भाषेचे हातपाय मोडून. पण रंग चुकला की नाक असं उडवायचा, की मला पुस्तकाची गरज पडली नाही.

आणि दरवर्षी परीक्षेच्या आदल्या दिवशी तुझा फोन. "ताई, लक्षात आहे ना?" जणू काही माझं ऑपरेशन होतं. पहिल्या वर्षी मी इमानदारीत नापास झाले. दुसऱ्या वर्षी अर्धवट. चौथ्या-पाचव्या वर्षापासून मात्र नापास होणं फार कष्टाचं झालं. आधी दिलेल्या नमुन्याचा रंग अगदी बरोबर काढायचा, आणि मग मन घट्ट करून त्यात लालाचे दोन थेंब जास्त टाकायचे. दर नापासाला तू मला काहीतरी भेट आणायचास. घरात आता तीन इस्त्र्या आहेत.

आता तुला माहीत नसलेली गोष्ट. मास्तरच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दोन वर्षं झाली, त्याला पांढरं पिवळट दिसतं आणि निळा मातकट. एकदा त्याने नमुना माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, "हा बरोबर?" त्या प्रश्नाला सहा वर्षं उशीर झाला होता, पण त्याने विचारला. तेव्हापासून कारखान्याबाहेर गेलेला प्रत्येक रंग मी काढलेला आहे आणि सही त्याची आहे. त्याला घरी जायचंय, ऑपरेशन करायचंय. पण त्याचा परवाना मालकाच्या मुठीत. स्वतःहून गेला तर परवान्याचा सगळा खर्च भरून द्यायचा, असं करारात आहे. तो करार कोणी लिहिला, ते तुला विचारत नाही. अक्षर ओळखते मी तुझं. त्याला मोकळं करणारी एकच वाट होती, मी पास होणं. आणि तुझी कमाई होती मी पास न होण्यावर.

मंगळवारी फोनवर तू चारशे कुटुंबांची नावं घेतलीस. ताई, तू खुर्चीवर बसलीस तर मालक गाशा गुंडाळेल, शेजारच्या देशात असलं काही विचारत नाहीत. अरे, तो दरवर्षी गाशा गुंडाळतो आणि दरवर्षी एक नवं यंत्र आणतो! ती खोकी दरवर्षी माझ्या खिडकीखालीच उतरतात. आणि तुझी चारशे कुटुंबं एका अशा माणसाच्या डोळ्यांवर उभी आहेत, ज्याला स्वतःचा शर्ट कुठल्या रंगाचा आहे ते मला विचारावं लागतं. हे मालकाला सांगायची हिंमत तुझ्यात नाही, कारण मग आठ वर्षं तू त्याला काय विकलंस तेही सांगावं लागेल.

यंदा परीक्षेला नवीन बाई होत्या. त्यांनी माझे आठही जुने नमुने टेबलावर ओळीने मांडले, चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाल्या, "बाई, सलग चार वर्षं तुम्ही केसभरही इकडेतिकडे न होता तेवढ्याच चुकताय. एवढं नेमकं चुकायला फार यावं लागतं." मी यंदाचा नमुना पुढे ओढला. मग रंग काढला. लाल बाटली हाताशीच होती. हात गेला नाही.

तुझा कागद मी परत पाठवत नाहीये. आज सकाळी खात्यात जाऊन पद स्वीकारल्याची सही करून आले; मास्तरचं तिकीट आता मालकाने काढायचंय. हे तुला त्याच्या तोंडून कळू नये, एवढ्यासाठी हे पत्र. आणि आणखी एका गोष्टीसाठी. सही झाल्यावर त्या बाईंनी एक छापील कागद पुढे केला. आठ वर्षांची फाइल उघडतायत. एक रकाना होता, 'नापास होण्यास कोणी सांगितले?' पेन हातात घेतलं आणि मला नदी आठवली. सोळाव्या वर्षी टायपिंगचा क्लास बुडवून मी दिवसभर नदीवर बसले होते, तेव्हा दहा वर्षांचा तू बाबांसमोर उभा राहून म्हणालास, ताई माझ्याबरोबर दवाखान्यात होती. खोटं पकडलं गेलं आणि थप्पड तू खाल्लीस. त्याबद्दल नंतर कधी अवाक्षर काढलं नाहीस. तुझ्या स्वभावाला ते शोभलंही नाही. मी त्या रकान्यात लिहिलं, 'कोणीही नाही. परीक्षेत हात थरथरतो.' बाईंनी माझ्या हाताकडे बघितलं आणि कागद ठेवून घेतला.

तुझीच,
ताई