चार नंबरच्या बंदुकीची वही

३ मार्च, सोमवार

आजपासून मी नोकरदार! या वयात! सूनबाई म्हणाली, "सासूबाई, डबा भरून देऊ का?" चेष्टा करते मेली, पण दिलाच भरून.

झालं असं की आमची खार (नात हो माझी, लहानपणी पेन्सिली कुरतडायची म्हणून खार) नेमबाजी शिकते आणि मी रोज तिच्यासोबत रेंजवर जाऊन बाकावर बसते. तिथली वही लिहिणारी मुलगी बाळंतपणाला गेली. तर शिट्टीबाई म्हणाल्या, "आजी, नुसत्या बसता, त्यापेक्षा वही लिहाल?" शिट्टीबाई म्हणजे खारीच्या गुरू. गळ्यात कायम शिट्टी. चष्म्याची उजवी काच काळी. का ते कोणी विचारत नाही, मीही नाही विचारलं. (विचारणार आहे.)

काम सोपं. कुठली बंदूक, किती काडतुसं दिली, किती फुसकी निघाली, रिकाम्या पुंगळ्या किती परत आल्या, आणि शेरा. पुंगळ्या मोजायला बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी साठ भोकांची फळी केली आहे. भोकात पुंगळी बसवायची, भोक रिकामं राहिलं की समजायचं, एक कमी. शाळा न शिकलेल्यालाही जमेल. मला तर अठ्ठावीसपर्यंत आकडे शिकवलेही होते! पुढे आई आजारी पडली आणि शाळा सुटली.

माझी पहिली ओळ: बंदूक ४. दिली ६०. फुसकी ०. रिकाम्या ६०. शेरा: नळी तापली की गोळी डावीकडे जाते.

अक्षर बरं आलं. सहा तेवढा उलटा पडला.

४ मार्च

आज एक फुसकं निघालं. चाप ओढला, खट्ट, आणि काही नाही. लगेच सगळे गप्प! नियम असा की खारीनं डावा हात वर करायचा, नळी समोरच ठेवायची आणि वहीवालीनं मोठ्यानं तीस मोजायचे. तीस म्हटल्यावरच बोल्ट मागे ओढून काडतूस काढायचं. कारण कधी कधी फुसकं वाटतं ते उशिरा उडतं.

मोजले. अठ्ठावीसपर्यंत झकास. पुढे जीभच चालेना. आख्खी रेंज हसली. शेवटी शिट्टीबाईंनी तीस म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

खार म्हणाली, "आजी, स्पर्धेत तू मोजायला असलीस तर माझा वेळ संपेल आणि मी म्हातारी होईन!" चोंबडी.

५ मार्च

टेबल डुगडुगत होतं. वाकून बघते तर एका पायाखाली जुनी वही! ती काढली, पुठ्ठा घडी करून घातला. वही झटकली. तेवीस वर्षांपूर्वीची. अक्षर बाईचं, माझ्यापेक्षा चांगलं. फक्त सहा उलटा! मला इतकं हसू आलं. म्हणजे मी एकटी नाही.

६ मार्च

गंमत सांगते. त्या वहीत तीन मार्च काढला. बंदूक ४. दिली ६०. फुसकी ०. रिकाम्या ६०. नळी तापली की डावीकडे.

चार मार्च: फुसकं १.

मला काय आनंद झाला! खारीला दाखवलं. "आजी, बंदूक तीच आहे, खोडीही तीच असणार." हुशार आहे पोर. बापावर नाही गेली.

७ मार्च

आज मुद्दाम आधी माझी ओळ लिहिली, मग त्यांची बघितली. मी लिहिलं होतं: खिडकीत पारवा बसला, तीन नेम वाया, नात चिडली.

त्यांचं: खिडकीत पारवा. तीन नेम वाया. नात चिडली.

पारव्यालाही खोडी असते का हो तेवीस वर्षं?

जुनी वही मिटून पिशवीत टाकली.

८ मार्च

खार घरी माझी तयारी करून घेते. भाजी निवडता निवडता अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. म्हटलं, बाई गं, जे तीस अजून आलेच नाहीत त्यांच्यात एक उणा, हे कसलं नाव! "आजी, फिलॉसफी नको, मोज." मोजलं. सहा वेळा बरोबर! लेकानं टाळ्या वाजवल्या. मी अशी फुगले!

१० मार्च

जुळलं. चाप जड लागतो, मिस्त्रींनी तेल दिलं. दोन्हीकडे.

११ मार्च

आता मी पुढची पानं बघत नाही. म्हणजे बघणार नाही असं ठरवलं आहे.

१२ मार्च

बघितली.

१५ मार्चला नोंदी संपतात. ओळ अर्धीच आहे. बंदूक ४. दिली ६०. फुसकी १, एकेचाळिसावं. रिकाम्या — पुढे काही नाही. शेरा नाही. त्यानंतर सगळी पानं कोरी.

१५ मार्चला खारीची निवड चाचणी आहे.

१३ मार्च

वही घेऊन मिस्त्रींकडे गेले. सत्तरीचा माणूस, मला आजीबाई म्हणतो! वही बघितली आणि हातातला ब्रशच खाली ठेवला.

"कुठे मिळाली?"

"टेबलाखाली. कोण होत्या या?"

"एक आजी होत्या. तुमच्यासारख्याच नातीसोबत यायच्या. एकेचाळिसावं फुसकं निघालं. पोरीनं हात वर केला, आजींनी मोजलं, पोरीनं बोल्ट ओढला. आणि तेव्हा उडालं."

"घाई केली असेल. तीस मोजले नसतील."

"आजीबाई, मी तिथे होतो. बरोबर तीस मोजले. एकही आकडा चुकला नाही. त्यांचं काही चुकायचंच नाही."

मग ब्रश पुन्हा उचलत म्हणाले, "शिट्टीबाईंना ही वही दाखवू नका. त्यांच्या आजी होत्या त्या."

मी काळ्या काचेबद्दल विचारणार होते. आता नाही विचारत.

१४ मार्च

खारीला सगळं सांगितलं. म्हटलं दुसरी बंदूक घे. तीन नंबर घे, सात घे, तुझ्या आजीसाठी घे.

"आजी, दोन वर्षं चार नंबरवर हात बसवला आहे मी. उद्या सात घेतली तर टार्गेटऐवजी छपराला लागेल. आणि काडतुसं नवीन खोक्यातली आहेत, तूच सील फोडणार आहेस."

मग माझे गाल ओढले. "आणि फुसकं निघालंच, तर तू आहेस ना मोजायला."

तेच तर!

मी ठरवलं आहे. निघालंच, तर अठ्ठाविसावर अडकल्याचं नाटक करायचं. हसू देत सगळ्यांना. वेळ गेला तरी चालेल, निवड गेली तरी चालेल. माझं ध्यान पोरीच्या डोळ्यांकडे. उद्या नवीन लुगडं नको, जुनंच बरं.

१५ मार्च, शनिवार

आत्ता घरी आले. लगेच लिहून टाकते, नाहीतर झोप यायची नाही.

खोकं मीच फोडलं. फळीवर लावून साठ दिली. दहा झाले, वीस झाले. सगळे नेम सुरेख! तिसानंतर नळी तापली, डावीकडे जायला लागली, खारीनं सांभाळून घेतलं. मी प्रत्येक आवाजाला वहीच्या कोपऱ्यात रेघ मारत होते. चाळीस रेघा.

खट्ट.

डावा हात वर गेला. मी उभी राहिले. एक. दोन. आवाज माझाच, पण मागून कोणीतरी सोबत मोजतंय असं वाटत होतं, अगदी बरोबर, एकही न चुकता. वळून बघितलं नाही. माझी छाती नाही झाली. सत्तावीस. अठ्ठावीस.

आणि खरंच अडकले! शप्पथ! नाटक करायचं होतं, पण नाटक करायला आधी तो शब्द तरी आठवायला हवा ना! सहा वेळा बरोबर म्हटलेला आकडा डोक्यातून पुसून गेला. तोंड उघडं, आवाज नाही. मागचा आवाजही थांबला. खारीचा हात वर तसाच. बाकावर कोणीतरी खुसखुसलं. परीक्षकांनी घड्याळ बघितलं. शिट्टीबाई पुढे आल्या, तीस म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघून मिटलं.

मग उडालं. आपोआप. नळी समोरच होती, गोळी समोरच गेली. दहाच्या वर्तुळात नाही, साताच्या.

परीक्षक म्हणाले, खट्ट झाल्यापासून चौतीस सेकंद.

खार उठली नाही. उरलेली एकोणीस मारली, मगच उठली. मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. यादीत शेवटचा नंबर तिचा, पण आहे यादीत!

फळी भरली. एकही भोक रिकामं नाही. मी लिहिलं: फुसकी १, उशिरा उडालं. रिकाम्या ६०. शेरा: एकोणतीसला अडकले.

१६ मार्च

रेंजवर उशिराच पोचले. जुनी वही मिस्त्रींना द्यायला काढली. कालच्या तारखेची अर्धी ओळ आता अर्धी नाही. रिकाम्या ६०. शेरा: एकोणतीसला मीही अडकले.

बोट लावलं. शाई ओली होती.

दारात शिट्टीबाई उभ्या होत्या. चष्मा नव्हता. दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आजी, आज उशीर?"